वॉशिंग मशीनचा कारखाना

"बाबा, अमेरिकनांची वॉशिंग मशीन बंद पडलीय," अंगातला कोटही न काढता रिम्मा म्हणाली. "दुरुस्तीला तुला बोलावलंय."

प्रोखोरने तोंडापर्यंत नेलेला चमचा पुन्हा सूपमध्ये ठेवला. कोबीचा एक धागा त्याच्या मिशीला तसाच लटकत राहिला.

"मला?"

"तुला."

"मीच कशाला? कारखान्यात माणसं मेली का सगळी?"

रिम्माने बूट काढले, ते गरम पाइपाखाली सारले आणि आईने पुढे केलेली खुर्ची घेतली. ती आईबापांपासून दोन गल्ल्यांवर राहायची आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायची. बहुतेक वेळा बातमी घेऊनच यायची, पण आजची वेगळी होती.

कारखान्याच्या मागच्या फाटकापाशी अमेरिकन तपासनीस येऊन राहिले, त्याला आता दुसरा हिवाळा सरत आला होता. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी करार केला होता. एका जातीची सगळी रॉकेटं मोडून टाकायची, आणि ती पुन्हा गुपचूप बनू लागली नाहीत ना, हे एकमेकांच्या दारात बसून पाहायचं. म्हणून ही तीसेक माणसं समुद्रापलीकडून उठून उरलच्या पायथ्याशी असलेल्या या गावात आली होती. फाटकातून बाहेर पडणारी रेल्वेची प्रत्येक लांब वाघीण ती थांबवत, तिला मोजपट्टी लावत आणि जाऊ देत. आपलीही तेवढीच माणसं तिकडे कुठल्याशा वाळवंटात एका अमेरिकन फाटकावर बसून हेच करत होती. रिम्मा इकडच्या पाहुण्यांची दुभाषी होती.

"झालं काय, वेंडेल आहे ना आमचा, त्याने सहज विचारलं. म्हणाला, तुझे वडील काय करायचे? मी म्हटलं, वॉशिंग मशीन बनवायचे." रिम्माने कपाळाला हात लावला. "निघूनच गेलं रे तोंडातून. पहिलीत असल्यापासून हेच सांगत आलेय. तूच पाठ करून घेतलं होतंस."

"आणि झुयेव? तो शुंभासारखा बसून होता?"

झुयेव म्हणजे पाहुण्यांची सरबराई करायला आणि त्यांच्यावर नजर ठेवायला कारखान्याने नेमलेला अधिकारी. प्रोखोर कोण आणि कुठल्या खात्यातला, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"चहा नाकात गेला त्याच्या. पण बोलणार काय बिचारा? 'छे, हिचा बाप मशीन नव्हता बनवत' असं म्हणणार? मग काय बनवत होता? शेवटी म्हणाला, बोलवा, अवश्य बोलवा, आपला प्रोखोर देम्यानिच म्हणजे जुना मुरलेला माणूस. बाबा, रीतसर अर्ज केला तर दोन्ही बाजूंच्या सह्या होईस्तोवर उन्हाळा उजाडेल. तोवर ती एवढाली माणसं टबात उभी राहून पायाने चड्ड्या तुडवताहेत."

शेगडीपाशी ग्लाफिराचे खांदे हलले. तिने हसू आवरलं, पण ती मागे वळली नाही.

"जा की, प्रोशा," ती म्हणाली. "तीस वर्षं बनवल्यास. एक दुरुस्त करायला काय धाड भरलीय?"

प्रोखोरने बायकोच्या पाठीकडे पाहिलं. पाठीवरून काहीच कळेना.

गावात कुणीही विचारलं की कारखान्याबद्दल उत्तर एकच असे: इथे वॉशिंग मशीन बनतात. ते खोटंही नव्हतं. एका कोपऱ्यातल्या शेडमध्ये त्या खरोखरच बनत. राहिलेला कारखाना, ज्याची भिंत चर्चच्या टेकडीपासून थेट तळ्याच्या काठापर्यंत जायची, त्याबद्दल कुणी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे. प्रोखोर त्या भिंतीच्या आत शेवटच्या जुळणीवर होता. आधीच्या खात्यांतून आलेले तुकडे तिथे एकत्र येत आणि रॉकेट होऊन बाहेर पडत. कामाला लागला त्या दिवशी त्याने सही करून दिली होती: इथलं इथेच. आईला नाही, बायकोला नाही, दारूच्या नशेत नाही, मरताना नाही. पुढे करार झाला आणि वर्तमानपत्रात कारखान्याचं नाव छापून आलं, रॉकेटचं नाव आलं, त्याची लांबीही आली. बाजारातल्या भाजीवाल्या म्हाताऱ्याही मग त्यावर बोलू लागल्या. पण प्रोखोरची सही त्याला कुणी परत केली नव्हती. घरात तो वॉशिंग मशीनवालाच राहिला.

"रविवारी येतो म्हणावं," तो अखेर म्हणाला. "हत्यारं शोधावी लागतील."

शनिवारी दुपारी ग्लाफिरा नेहमीप्रमाणे वाफेच्या न्हाणीला निघाली. ती प्रसूतिगृहात सुईण होती तेव्हाच्या जुन्या मैत्रिणी खाली वाट पाहत होत्या. त्या सगळ्या एकदा आत शिरल्या की तीन तास बाहेर पडत नसत. काखेत बर्चच्या डहाळ्यांची जुडी, डोक्यावर लोकरी टोपी. दारातून वळून ती म्हणाली, "सूप बाहेरच्या खिडकीत ठेवलंय," आणि गेली.

तिची पावलं जिन्यावरून उतरून गेल्यावर प्रोखोर न्हाणीघरात शिरला. तिथे त्यांची स्वतःची मशीन उभी होती, पिंपासारखी गोल, पांढरी, वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ. रिम्मा भाषा शिकायला मोठ्या शहरात गेली त्या वर्षी कारखान्याने ती चांगल्या कामाबद्दल दिली होती. प्रोखोरला तिचा फार अभिमान. पाहुणे आले की तो त्यांना न्हाणीघरापर्यंत नेई आणि घोड्याच्या मानेवर थापटावं तसं तिच्या पोटावर थापटून म्हणे, "इतकी वर्षं झाली, एक स्क्रू हलला नाही. याला म्हणतात आपला माल." ग्लाफिरा बाजूला उभी राहून मान डोलवायची.

त्याला वाटलं होतं, आपली आज उघडून पाहावी म्हणजे उद्या त्यांची उघडताना हात चाचपडणार नाही. त्याने मागचं झाकण काढायला पेचकस लावला आणि तो तिथेच थबकला.

स्क्रूच्या खाचा झिजल्या होत्या.

प्रोखोरने गुडघे टेकले. न उघडलेल्या स्क्रूची खाच कशी असते, हे त्याला डोळे बांधूनही सांगता आलं असतं. हे झाकण एकदा नाही, दोनदा नाही, पुष्कळदा निघालेलं होतं. त्याने ते काढलं. आतला पट्टा नवा होता, त्यावर गेल्या वर्षाचा शिक्का होता. खालच्या आसाची रबरी चकती मूळची नव्हती. कुणीतरी लाल रबर हाताने कापून, कडा घासून बसवली होती, आणि बेतानं, मायेनं बसवली होती. मोटारीच्या तारेला एक जोड होता. पाणी काढायची नळी दुसऱ्याच जातीची होती. पत्र्याचं पिंप तेवढं जुनं. बाकी सगळी मशीन कुणीतरी एकेक तुकडा करत बदलून टाकली होती.

आधी त्याला राग आला. कुणी परका माणूस आपल्या घरात येतो, आपल्या वस्तूंची पोटं उघडतो आणि आपल्याला पत्ता नाही! मग तो टबाच्या कडेवर बसला आणि राग हळूहळू पायांतून गळून गेला. परका माणूस घरात येतो तो दार उघडून दिल्याशिवाय येत नाही.

तसल्या लाल रबराचे बूट या इमारतीत एकाकडेच होते.

गाब्दुल्ला तळमजल्यावर राहायचा. खरोखर वॉशिंग मशीन बनवणाऱ्या शेडमधला तो जुना माणूस, जातीने तातार, तोंडाने फाटका आणि मनाने लोणी. दार उघडून त्याने प्रोखोरचा चेहरा पाहिला, त्याच्या हातातली रबरी चकती पाहिली आणि लगेच नजर चुकवली.

"चहा घेणार?" तो म्हणाला.

"किती वेळा आलास वर?"

"कुठे वर?"

"गाब्दुल्ला."

गाब्दुल्लाने मान खाजवली. "ग्लाशावहिनींनी शपथ घातलीय मला. माझ्या नातवाची. तूच सांग, नातवाच्या जिवावर उठू का मी? त्याला माझ्याच हातांवर जन्माला घातलंय त्यांनी, म्हणजे, त्यांच्या हातांवर. तू पाळीला गेलास की खाली यायच्या. म्हणायच्या, गाब्दुल्ला, पुन्हा गुरगुरतेय."

"मला का नाही सांगायची?"

"मी विचारलं ना एकदा. म्हटलं, वहिनी, घरात मशीनवाला असताना मला कशाला? तर म्हणाल्या..." गाब्दुल्लाने दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने उकरला. "म्हणाल्या, त्याच्यासमोर बंद पडली तर त्याला उघडावी लागेल. उघडली की त्याला येत नाही हे दिसेल. आणि मग तो माझ्याशी काय बोलेल?"

जिन्यात कुणाचं तरी मूल पायरी पायरी उड्या मारत खाली गेलं.

"उद्या मला अमेरिकनांची दुरुस्त करायचीय," प्रोखोर म्हणाला.

"ऐकलं. गावभर झालंय."

"शिकव मला."

गाब्दुल्लाने त्याच्याकडे पाहिलं, मग तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांच्या फटींतून फुटलंच. "अरे देवा! या गावात जो तो म्हणतो, मी मशीन बनवतो. एवढे सगळे जण खरंच बनवत असते ना प्रोखोर, तर देशातल्या प्रत्येक घरात पाच-पाच असत्या. आणि मी मेलो असतो नुसता स्क्रू मोजून. चल."

न्हाणीघरात दोन धिप्पाड म्हातारे मावत नव्हते, तरी मावले. गाब्दुल्ला शिकवायला कडक निघाला. "ओढू नकोस! ही काय तुझी... तुझं ते काय ते आहे का? पट्टा हा बाईसारखा असतो, फार ताणला तर तुटतो, सैल सोडला तर फिरकत नाही." प्रोखोरचे हात मात्र दुसऱ्याच चालीचे होते. काढलेला प्रत्येक स्क्रू तो टॉवेलवर ओळीने मांडत होता, पुसून, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. गाब्दुल्ला काही वेळ ते पाहत राहिला आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला.

कुलपात किल्ली फिरली तेव्हा मशीन अर्धी जोडून झाली होती. चोरी पकडल्यासारखे दोघांचेही हात जागच्या जागी थांबले. ग्लाफिरा दारातून आत आली, वाफेने लालबुंद झालेली. न्हाणीघराच्या बंद दाराखालून उजेड येत होता आणि दाराबाहेर लाल रबरी बूट काढून ठेवलेले होते. ती क्षणभर थांबली असावी. मग तिची पावलं स्वयंपाकघरात गेली, किटली भरल्याचा आवाज आला, आणि टेबलावर कप ठेवल्याचे आवाज आले. एक. दोन. तीन.

चहाच्या वेळी त्यांनी हवामानावर बोलून घेतलं.

रविवारी अकराच्या सुमाराला छपरांवरच्या बर्फाच्या सुया ठिबकत होत्या. अमेरिकनांच्या घराच्या ओसरीत झुयेवने प्रोखोरला कोपऱ्यात घेतलं.

"देम्यानिच, मशीन चालली नाही तरी चालेल," तो कुजबुजला. "तू मशीनवाला दिसला पाहिजेस. कळलं?"

प्रोखोरने हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माल कुणासाठी बनतो हे त्याला आयुष्यभर माहीत होतं, पण गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलं नव्हतं. नळ्या घट्ट करताना, तारा बांधताना, त्या पलीकडच्या माणसाला त्याने चेहरा दिला नव्हता. दिला असता तर हात चालला नसता. आता तो चेहरा दार उघडून समोर आला. लांबुडका, पन्नाशीचा, भुवया पांढऱ्या, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि पायांत लोकरी मोजे, ज्यांतल्या एकाचा अंगठा बाहेर आलेला.

"नमस्कार, प्रोखोर देम... देम्या..."

"देम्यानिच," रिम्माने सांगितलं.

"देम्यानिच," वेंडेलने परीक्षेत उतरल्यासारखं समाधानाने म्हटलं आणि हात पुढे केला. हात गरम आणि खरबरीत होता. कामाचा हात. प्रोखोरला ते अपेक्षित नव्हतं.

मशीन त्यांच्या न्हाणीघरात होती, घरच्यासारखीच, फक्त नवी. वेंडेल विजेरी धरून बाजूला बसला. रिम्मा दारात उभी राहिली. झुयेव टबाच्या कडेवर टेकला आणि हातातलं मासिक उघडून वाचू लागला. मासिक उलटं होतं.

प्रोखोरने रुमाल पसरला. हत्यारं मांडली. मग, मशीनला हात लावण्याआधी, त्याने भिंतीवरून गेलेल्या पाण्याच्या नळाला तळवा टेकवला, क्षणभर ठेवला आणि मगच पेचकस उचलला.

त्याला स्वतःला ते कळलंही नाही. जिथे त्याची उमर गेली तिथे अंगावरची एवढीशी ठिणगीसुद्धा सगळं उडवून द्यायला पुरेशी असे. लोकरीच्या कपड्यांची, कोरड्या हवेची, केस विंचरताना येते तसली. म्हणून मालाला शिवण्याआधी दर वेळी जमिनीत गेलेल्या तांब्याच्या पट्टीला हात टेकायचा. तीस वर्षांत हात ते स्वतःच करू लागला होता, जसा काहींचा हात देवळासमोरून जाताना कपाळाकडे जातो.

झाकण निघालं. त्याने स्क्रू ओळीने ठेवले. पुन्हा नळाला हात टेकला. पट्टा तपासला.

विजेरीचा उजेड हलला. प्रोखोरने मान वळवली. वेंडेल त्याच्या हाताकडे पाहत होता. मग त्याने विजेरी डाव्या हातात घेतली, उजवा तळवा उचलला, त्याच नळाला टेकवला, आणि मगच पुढे वाकून उजेड बरोबर आसावर पाडला.

दोघांची नजर भेटली. प्रोखोरच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि हळूहळू बसले.

थोड्या वेळाने वेंडेल खालच्या आवाजात रिम्माशी बोलू लागला.

"तो म्हणतोय, बाबा," रिम्मा म्हणाली आणि थांबली. तिने झुयेवकडे पाहिलं. "तो म्हणतोय, तोही सैन्यात याच कामात होता. म्हणजे... फ्रिजवर. बावीस वर्षं फ्रिज सांभाळले त्याने. नेब्रास्कात."

"फ्रिज?"

"जमिनीखाली ठेवलेले, म्हणतोय. गव्हाच्या शेतांखाली."

झुयेवने छताकडे पाहायला सुरुवात केली. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

"मोठे असतील," प्रोखोर म्हणाला.

"खूप मोठे, म्हणतोय."

"बिघडायचे?"

"बिघडू द्यायची सोय नव्हती. सदान्‌कदा तयार ठेवायचे. पण दार उघडायची पाळी कधी आली नाही."

प्रोखोरने पट्टा बाजूला केला आणि आसाभोवती बोट घातलं. तिथे काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. "त्याला सांग," तो सावकाश म्हणाला, "आमच्या मशीनचीही कधी तक्रार आली नाही. सांग, एकाही गिऱ्हाइकाने वापरली नाही."

रिम्माने सांगितलं. शेवटच्या शब्दांना तिचा आवाज थरथरला. वेंडेल आधी नुसताच पाहत राहिला आणि मग हसू लागला, आवाज न करता, आख्खं अंग हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. प्रोखोरच्या मिशीखालीही काही हललं. मासिकाआड झुयेव खोकला.

हसणं ओसरल्यावर वेंडेलने चष्मा पुसला आणि काही वेगळ्याच सुरात बोलला. रिम्माने या वेळी शब्दशः सांगितलं, आणि स्वतः ते सांगता सांगता ऐकत असल्यासारखं.

"एकदाच वाटलं होतं उघडावं लागणार. बासष्टच्या ऑक्टोबरात. नवीनच होतो, लग्नाला तीन महिने झाले होते. खाली बसून होतो आणि बायकोला फोन करायची परवानगी नव्हती. करता आला असता तरी काय सांगितलं असतं, कोण जाणे."

प्रोखोरचा हात आसावरच राहिला. त्याला उत्तर द्यायचं होतं. त्याच्याकडे उत्तर होतं, हाच महिना, हेच वर्ष, पण ते ज्या माणसाला आधी सांगायला हवं होतं, त्यालाच त्याने अजून सांगितलेलं नव्हतं. त्याने ओढ दिली. आसावरून एक ओला, काळवंडलेला, लांबलचक लोकरी मोजा बाहेर आला.

वेंडेलने तो ओळखला आणि आपल्या पायाकडे पाहिलं.

मशीन चालू झाली तेव्हा बाहेरच्या खोलीतून सात-आठ अमेरिकनांनी टाळ्या वाजवल्या. निघताना वेंडेलने प्रोखोरच्या पिशवीत कॉफीचा डबा घातला. "वापरण्यासाठी," तो मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाला. "ठेवण्यासाठी नाही."

घरी ग्लाफिरा पेलमेनी वळत होती. पिठाच्या चकतीत खिमा ठेवायचा, दुमडायचं, कडा चिमटायच्या आणि पाटावर ओळीत मांडायचं. तिचे हात चालू होते. प्रोखोर समोर बसला. कॉफीचा डबा त्याने टेबलावर ठेवला.

"चालली?" तिने विचारलं.

"चालली. मोजा अडकला होता."

"मोजाच असतो," ग्लाफिरा म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिने पुढची चकती उचलली.

"ग्लाशा, केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"केव्हापासून माहीत आहे तुला, मी काय बनवायचो ते?"

तिने कडा चिमटल्या, एकदा, पुन्हा एकदा, गरजेपेक्षा जास्त. "बटाट्यांपासून," ती म्हणाली.

त्याला कळेना.

"विसरलास? रिम्मा दोन वर्षांची होती. तू पाळी अर्धी टाकून घरी आलास. तू! ताप असला तरी पाळी न चुकवणारा. दारातच उभा राहिलास, टोपीसुद्धा काढली नाहीस. म्हणालास, पोरीला घे आणि आजच्या आज माझ्या आईच्या गावी जा. तिला बटाटे काढायला माणूस हवंय." ग्लाफिराने मान वर केली. "ऑक्टोबर संपत आला होता, प्रोशा. घोट्याएवढा बर्फ पडला होता. तुझ्या आईचे बटाटे महिन्यापूर्वीच तळघरात गेले होते."

प्रोखोर पिठाकडे पाहत राहिला. "तू काही विचारलं नाहीस."

"तुझा चेहरा पाहिला ना. कपडे बांधले आणि निघाले. तुझ्या आईनेही नाही विचारलं. मला म्हणाली, बरं झालं आलीस, आणि तळघरातून बटाटे वर काढून आम्ही दोघींनी ते पुन्हा निवडले. गावात दुकानात रेडिओ होता. सगळ्या बायका म्हणायच्या, कुठलंसं बेट आहे म्हणे, गरम देशात, आपल्याला काय त्याचं. मी रिम्माला कडेवर घेऊन तिथे उभी राहायची. तेव्हा कळलं." ती थांबली. "आणि हेही कळलं की तू स्वतः इथेच राहिलायस. कारखान्याच्या भिंतीला लागून. पहिलं जे काही पडेल, ते जिथे पडेल तिथे."

"मला जागा सोडून जाता येत नव्हतं."

"माहीत आहे रे. मी दोष देतेय का?"

शेगडीवरच्या पाण्याला बुडबुडे यायला लागले होते. तिने झाकण तिरकं केलं.

"त्या दिवशी तू जेवढं सांगू शकत होतास तेवढं सांगितलंस," ती म्हणाली. "मला ते पुष्कळ झालं. पुढे मशीन काय, मशीनच म्हणू म्हटलं. तुला बरं वाटायचं."

प्रोखोरने हात लांबवून तिच्या मनगटावर ठेवला. पीठ लागलेलं मनगट, नाडी शांत. तीन दशकं तो या बाईसमोर रोज संध्याकाळी जेवला होता आणि दिवस कसा गेला या प्रश्नाला "गेला" म्हणाला होता. सांगायचं किती काय साचलं होतं. जुळणीच्या शेडमधला गारठा. काम संपल्यावर दिवा लावून केलेली शेवटची पाहणी. आपण केलेली वस्तू इतकी नेटकी दिसते याचा आनंद, आणि त्या आनंदाची वाटणारी भीती. यातलं काहीच त्याला कधी शब्दांत बांधावं लागलं नव्हतं.

"ग्लाशा," तो म्हणाला, "ते जे आम्ही..."

"थांब."

ती उठली. ॲप्रनला हात पुसले. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली छोटी झडप ओलसर हवेसाठी उघडी होती. टाचा उंचावून तिने ती लावली आणि खिटी सरकवली. मग स्वतःची खुर्ची टेबलाच्या त्या बाजूने उचलून या बाजूला आणली, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि बसली.

"हं," ती म्हणाली. "आता सांग."

प्रोखोरने दोनदा तोंड उघडलं.

"हिरवं असतं," तो अखेर कुजबुजला. "रंगाने हिरवं असतं ते, ग्लाशा."

"कसलं हिरवं?" ग्लाफिराने तितक्याच हळू आवाजात विचारलं. "काकडीसारखं की देवदारासारखं?"

प्रोखोरने डोळे मिटले. असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि नीट आठवून सांगायला हवं होतं.